जंतूंची धार बोथट करणारा रसायनशास्त्रज्ञ

२ जून १८८१ची दुपार. पॅरिसपासून काही अंतरावरील मेलाँ या गावाजवळ, पुयी-ल-फोर येथील एका शेतावर शेतकरी, पशुवैद्य, सरकारी अधिकारी आणि वार्ताहर यांची गर्दी जमली होती. कुंपणाच्या एका बाजूस २४ मेंढ्या आणि एक बकरी निवांत चरत होती. दुसऱ्या बाजूस तेवढीच जनावरे होती, परंतु त्यांतील २१ मेंढ्या आणि बकरी मरून पडली होती. उरलेल्या तीनपैकी दोन मेंढ्यांनी जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत प्राण सोडला आणि शेवटची मेंढी सायंकाळपर्यंत गेली. दोन दिवसांपूर्वी, ३१ मे रोजी, दोन्ही कळपांना अँथ्रॅक्सचे अतिशय उग्र जंतू टोचण्यात आले होते. फरक एवढाच होता, की पहिल्या कळपाला ५ मे आणि १७ मे अशी दोन वेळा त्याच रोगाच्या दुर्बल केलेल्या जंतूंची लस दिली गेली होती.

दुपारी दोनच्या सुमारास डावा पाय किंचित ओढत चालणारे एक ५८ वर्षांचे गृहस्थ तेथे पोहोचले आणि जमावाने त्यांचा जयजयकार केला. ते लुई पाश्चर. ते डॉक्टर नव्हते, पशुवैद्यही नव्हते. शिक्षणाने ते रसायनशास्त्रज्ञ होते. त्या दिवशी जगाने लशीचा विजय पाहिला. त्यामागचा विचार मात्र लशीहूनही मोठा होता. रोगजंतूची उग्रता ही त्याची कायमची ओळख नसते, ती कमी होऊ शकते आणि पुन्हा वाढूही शकते, हा तो विचार. असे का घडते, याचे पूर्ण उत्तर पाश्चर यांना आयुष्यभर मिळाले नाही. ते उत्तर जंतूच्या जनुकांत दडलेले होते आणि जनुक ही कल्पनाच तेव्हा विज्ञानाला अपरिचित होती.

चामडे कमावणाऱ्याचा मुलगा

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील दोल या गावी झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यातून निवृत्त झालेले शिपाईगडी होते आणि चामडे कमावण्याचा व्यवसाय करीत. पुढे हे कुटुंब आर्ब्वा या गावी स्थायिक झाले. लहानपणी लुईचे नाव अभ्यासापेक्षा चित्रकलेसाठी घेतले जाई. आईवडिलांची आणि शेजाऱ्यांची त्याने रंगखडूंनी काढलेली चित्रे आजही जतन करून ठेवलेली आहेत. १८४३ मध्ये त्यांना पॅरिसच्या एकोल नोर्माल या नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला आणि कुंचल्याची जागा परीक्षानळीने घेतली.

वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १८४८ मध्ये, त्यांनी टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून निवडले आणि एकाच रेणूची डावी व उजवी अशी दोन रूपे असू शकतात हे दाखवले. पुढल्याच वर्षी स्ट्रासबुर्ग येथे त्यांचा मारी लोराँ यांच्याशी विवाह झाला. मारी या आयुष्यभर त्यांच्या लेखनिक आणि सहकारी होत्या. नंतर लील येथील मद्य उत्पादकांच्या अडचणींतून ते आंबण्याच्या क्रियेकडे वळले, तेथून सूक्ष्मजीवांकडे आणि १८६५ पासून रेशीमकिड्यांच्या रोगाकडे.

याच काळात घरावर आघातामागून आघात झाले. १८५९ मध्ये थोरली मुलगी जान विषमज्वराने गेली. १८६५ मध्ये दोन वर्षांची कामिय आणि १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसिल दगावली. सेसिललाही विषमज्वरच झाला होता. पाच अपत्यांपैकी दोनच उरली. ऑक्टोबर १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पाश्चर यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची डावी बाजू कायमची अधू झाली. रोग या विषयाकडे ते केवळ बुद्धीच्या कुतूहलातून वळले, असे म्हणूनच म्हणवत नाही. आणि ज्या कामाने त्यांना जागतिक कीर्ती मिळाली, ते बहुतेक या झटक्यानंतरचे आहे.

कोंबड्यांचा कॉलरा

१८७८च्या सुमारास तुलूझ येथील पशुवैद्यकाचे प्राध्यापक आँरी तुसँ यांच्याकडून पाश्चर यांना कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू मिळाले. नावात कॉलरा असला तरी माणसाच्या कॉलऱ्याशी या रोगाचा संबंध नाही. खुराड्यात तो शिरला की कोंबड्या पंख पाडून, डोळे मिटून बसतात आणि एक-दोन दिवसांत मरतात. पाश्चर यांनी कोंबडीच्या मांसाच्या सारात हे जंतू वाढवले. एका कुपीतील थेंब दुसऱ्या कुपीत, दुसरीतला तिसरीत, असे कितीही वेळा केले तरी जंतूंची मारकशक्ती कमी होत नव्हती. मात्र दोन वेळांच्या मध्ये बराच काळ जाऊ दिला, कुपी हवेशी संपर्कात तशीच राहू दिली, तर जंतू हळूहळू दुर्बल होत. असे दुर्बल जंतू टोचलेल्या कोंबड्या आजारी पडत, पण सावरत. नंतर ताजे, उग्र जंतू टोचले तरी त्या मरत नसत.

उन्हाळी सुटीत विसरून राहिलेल्या कुपीमुळे हा शोध योगायोगाने लागला, अशी कथा पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते. प्रयोगशाळेच्या वह्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी वेगळे चित्र मांडले आहे. १८७९च्या शरद ऋतूपासून पुढल्या हिवाळ्यापर्यंत पाश्चर आणि त्यांचे तरुण सहकारी एमिल रू यांनी केलेल्या चिकाटीच्या प्रयोगांतून हे फळ हाती आले. ९ फेब्रुवारी १८८० रोजी पाश्चर यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीत त्याची घोषणा केली.

याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. हेच जंतू गिनिपिगला टोचले, तर बहुधा त्वचेखाली एक गळू होई आणि ते जनावर हिंडत-फिरत राही. त्या गळवातला पू कोंबडीला टोचला की मात्र कोंबडी मरे. म्हणजे उग्रता ही एकट्या जंतूची गोष्ट नव्हती. जंतू आणि तो ज्या शरीरात शिरतो ते शरीर, या दोघांचा तो मामला होता.

४२ अंशांचे गणित

त्यानंतर पाश्चर यांनी अँथ्रॅक्सकडे मोर्चा वळवला. आपल्याकडे जनावरांतील हा रोग काळपुळी किंवा फाशी या नावांनी ओळखला जातो. फ्रान्समध्ये त्यामुळे मेंढपाळ देशोधडीला लागत. काही कुरणे शापित मानली जात, कारण तेथे चरायला गेलेली जनावरे वर्षानुवर्षे मरत. मेलेली जनावरे तेथे पुरली जात आणि त्यांच्या देहातील जंतू टणक बीजाणूंच्या रूपाने मातीत टिकून राहत, हे त्याचे खरे कारण होते.

हे बीजाणूच अडचणीचे ठरले. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू नुसते ठेवून दुर्बल होत, पण अँथ्रॅक्सचा जंतू बीजाणूच्या कवचात शिरला की त्याच्यावर काळाचा परिणाम होत नसे. पाश्चर, रू आणि शार्ल शांबरलाँ यांनी तोडगा काढला. ४२ ते ४३ अंश सेल्सियस तापमानात हा जंतू वाढतो, पण बीजाणू तयार करू शकत नाही. या उष्णतेत ठेवलेल्या जंतूंची उग्रता दिवसागणिक उतरत गेली. सुमारे आठ दिवसांनी तर ती बरीच मंदावली. अधल्यामधल्या प्रत्येक पायरीवरचे जंतू वेगळे काढून पुन्हा साध्या तापमानात वाढवले, तरी त्यांचा दुर्बलपणा तसाच राही. तो गुण पुढल्या पिढ्यांत उतरत होता. आजच्या वाचकाला हे वाक्य वाचताच आनुवंशिकता आठवेल. पाश्चर यांनी मात्र त्याचे श्रेय हवेतील प्राणवायूला दिले.

उलटा प्रवासही त्यांनी करून पाहिला. प्रौढ गिनिपिगला न मारणारा दुर्बल जंतू एका दिवसाच्या पिलाला मारू शके. त्या पिलाचे रक्त दुसऱ्या पिलाला, त्याचे तिसऱ्याला, मग थोड्या मोठ्या जनावराला, असे करीत गेल्यावर जंतूची उग्रता वाढत वाढत अखेर मेंढी मारण्याइतकी झाली. कोंबड्यांच्या कॉलऱ्याच्या दुर्बल जंतूंनाही चिमण्या आणि कॅनरी यांसारख्या लहान पक्ष्यांतून फिरवून पूर्ववत करता आले. फेब्रुवारी १८८१ मध्ये हे निष्कर्ष जाहीर करताना पाश्चर यांनी त्यातून एक दूरगामी अनुमान काढले. ओसरलेल्या साथी पुन्हा का उसळतात आणि नव्या साथी कोठून येतात, याचे उत्तर जंतूंच्या या बदलत्या उग्रतेत असू शकते, असे त्यांना वाटले.

पुढे डुकरांच्या एका घातक रोगाने तर हे सारे अधिकच गुंतागुंतीचे असल्याचे दाखवले. लुई त्युइये या तरुण सहकाऱ्यासह केलेल्या कामात असे दिसले, की या रोगाचे जंतू कबुतरांतून फिरवले तर ते डुकरांसाठी अधिक उग्र होतात, आणि सशांतून फिरवले तर सशांसाठी उग्र, पण डुकरांसाठी सौम्य होतात. त्युइये यांना हे काम पुढे नेता आले नाही. कॉलऱ्याच्या अभ्यासासाठी इजिप्तला गेले असता सप्टेंबर १८८३ मध्ये, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी, त्याच रोगाने त्यांचा बळी घेतला.

झाकून ठेवलेल्या वह्या

पुयी-ल-फोरच्या विजयाला एक काळी किनार आहे आणि ती टाळून पाश्चर यांचे चरित्र पूर्ण होत नाही. त्या दिवशी वापरलेली लस प्राणवायू आणि उष्णता यांनी दुर्बल केलेल्या जंतूंची होती, असाच सर्वांचा समज झाला आणि पाश्चर यांनी तो होऊ दिला. प्रत्यक्षात ती लस शांबरलाँ यांनी पोटॅशियम डायक्रोमेट या रसायनाचा वापर करून तयार केलेली होती. रसायनाच्या साहाय्याने लस करण्याची दिशा आधी तुसँ यांनी धरली होती. १८८० मध्येच त्यांनी उष्णता आणि कार्बोलिक आम्ल वापरून अँथ्रॅक्सवर लस केल्याचे जाहीर केले होते. कीर्तीचा झोत मात्र पाश्चर यांच्यावर राहिला. दीर्घ आजारानंतर १८९० मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी तुसँ यांचे निधन झाले.

ही बाब पाश्चर यांचे नातलग आणि साहाय्यक आद्रियाँ ल्वार यांनी १९३८ मध्ये आपल्या आठवणींत उघड केली. पाश्चर यांच्या वह्या १९६४ पर्यंत कुटुंबाच्याच ताब्यात होत्या. त्या वर्षी नातवाने त्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या. अमेरिकी इतिहासकार जेराल्ड गाइसन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या वह्यांच्या आधारे सारा तपशील मांडला, तेव्हा मोठा वाद झाला.

या प्रकरणाने पाश्चर यांच्या प्रयोगाची सत्यता नाकारली जात नाही. लस दिलेली जनावरे जगली आणि न दिलेल्या मेंढ्या मेल्या, हे शेकडो लोकांनी पाहिले होते. लसीकरणाच्या पहिल्या बारा वर्षांत फ्रान्समधील सुमारे ३३ लाख मेंढ्या आणि चार लाखांहून अधिक गुरांना लस टोचली गेली आणि मेंढ्यांमधील मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. पूर्वी ते दहा टक्क्यांच्या घरात होते. तरीही आपल्या सिद्धान्ताला न जुळणारी वस्तुस्थिती एका मोठ्या माणसाने झाकली, हेही खरेच. लशीतही दोष होते. काही वेळा ती इतकी सौम्य निघे की संरक्षण मिळत नसे, तर काही वेळा इतकी उग्र की जनावरेच दगावत. जर्मनीतील रॉबर्ट कॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर कडक टीका केली. हा दोष हलगर्जीपणाचा होता की जंतूंच्या स्वभावाचा, हे सांगणे तेव्हा कुणालाच शक्य नव्हते.

न दिसलेले जनुक

पाश्चर जन्मले त्याच वर्षी, १८२२ मध्ये, ग्रेगोर मेंडेल यांचाही जन्म झाला. मठाच्या बागेत वाटाण्यांवर केलेल्या प्रयोगांतून मेंडेल यांनी आनुवंशिकतेचे नियम शोधले आणि १८६६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. विज्ञानजगताला त्यांची महती पटली ती १९०० मध्ये. पाश्चर यांच्या मृत्यूला तेव्हा पाच वर्षे उलटून गेली होती.

आज आपण पाश्चर यांच्या कुपीत डोकावलो तर काय दिसते? पोषक द्रवात जिवाणू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात. एका थेंबात कोट्यवधी जिवाणू असतात. प्रत्येक विभागणीच्या वेळी जनुकांची नक्कल होते आणि नक्कल म्हटली की अधूनमधून चूक आलीच. हेच उत्परिवर्तन. १९४३ मध्ये साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्र्युक यांनी दाखवून दिले, की जिवाणूंतील असे बदल आपसूक, संकट येण्याच्या आधीच घडलेले असतात. परिस्थिती फक्त त्यांतून निवड करते.

कुपी आणि जनावराचे शरीर या दोन वेगवेगळ्या चाळण्या आहेत. अनेक रोगजंतूंभोवती एक बुळबुळीत वेष्टन असते. त्यामुळे शरीरातील पांढऱ्या पेशींना त्यांना गिळणे कठीण जाते. हे वेष्टन तयार करायला जंतूला शक्ती खर्चावी लागते. कुपीत पांढऱ्या पेशी नसतात. तेथे वेष्टनाचे जनुक बिघडलेला जंतू मरत तर नाहीच, उलट त्याचा खर्च वाचतो आणि त्याची संख्या वाढत जाते. तोच जंतू जनावराच्या रक्तात शिरला की लगेच गिळला जातो आणि वेष्टन शाबूत असलेले तेवढे उरतात. म्हणून कुपीत उग्रता उतरते आणि जनावरांतून फिरवले की चढते.

अँथ्रॅक्सच्या जिवाणूत ही यंत्रणा विलक्षण स्पष्ट दिसते. त्याची दोन मुख्य शस्त्रे आहेत, विष आणि वेष्टन. त्यांची जनुके मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिड नावाच्या दोन स्वतंत्र डीएनए कड्यांवर असतात. १९८३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी पाश्चर यांचीच पद्धत वापरून हा जिवाणू ४२.५ अंश सेल्सियसला वारंवार वाढवला, तेव्हा त्याची विषाची कडी गळून पडल्याचे आढळले. शंभर वर्षांपूर्वीच्या कोड्याची उकल झाली. पाश्चर यांच्या लशीची लहर का फिरत असे, याचाही अंदाज आला. कडी सर्वच जिवाणू एकाच वेळी गमावत नाहीत. सर्वांनी गमावली तर विषाविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माणच होणार नाही, आणि फारच थोड्यांनी गमावली तर लसच मारक ठरेल. ज्या लशी उपयोगी पडल्या, त्यांत कडी शाबूत असलेले काही जिवाणू शिल्लक असावेत, असे शास्त्रज्ञ मानतात. दक्षिण आफ्रिकेतील माक्स स्टर्न यांनी १९३०च्या दशकात याच्या उलट वाण निवडला. त्यात विष आहे, पण वेष्टनाची कडी नाही. त्यामुळे तो जनावराला मारू शकत नाही, पण संरक्षण देतो. गुरांसाठी भारतासह अनेक देशांत आजही हाच वाण वापरला जातो.

कोंबड्यांच्या कॉलऱ्याच्या जिवाणूला पाश्चर यांच्या सन्मानार्थ पाश्चरेला हे नाव मिळाले आहे. त्याचाच एक प्रकार आपल्याकडे गाई-म्हशींना घटसर्प करतो. पावसाळ्याच्या तोंडावर गावोगावी जनावरांना जी लस टोचली जाते, त्यांत या रोगाचीही लस असते. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० मध्ये या प्रकारातील वेष्टनाशी संबंधित एकच जनुक निकामी करून पाहिले. मूळ जिवाणू उंदरांच्या शरीरात झपाट्याने वाढला, तर बदललेला जिवाणू रक्तातून लवकरच नाहीसा झाला. एका जनुकाने एवढा फरक पडला.

परळपर्यंत पोहोचलेला वारसा

१८८५ मध्ये पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस दिली आणि त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे उद्घाटन नोव्हेंबर १८८८ मध्ये झाले. तेथे ग्रंथालयात साहाय्यक म्हणून एक तरुण ज्यू संशोधक रुजू झाला. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन. गिनिपिगच्या उदरपोकळीतून कॉलऱ्याचे जंतू एकामागून एक फिरवून त्यांची उग्रता वाढवायची आणि त्यांपासून लस करायची, ही गुरूची विद्या हाफकिन यांनी माणसाच्या कॉलऱ्यासाठी वापरली. १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ पाश्चर यांचे निधन झाले. त्यांचा देह पुढे त्यांच्याच संस्थेच्या तळघरातील समाधीत ठेवण्यात आला. समाधीवरील चित्रांत कोंबड्या, मेंढ्या, रेशीमकिडे आणि द्राक्षवेली आहेत. त्यांच्या आयुष्याचा तो यथार्थ पट आहे.

त्यांचे स्पष्टीकरण अपुरे होते आणि सारे श्रेय त्यांचे एकट्याचे नव्हते. तरी शत्रूचा स्वभाव बदलतो, हे त्यांनी ओळखले. त्या ओळखीला दोन बाजू आहेत. जो बदल जंतूला दुर्बल करून लस देतो, त्याच वाटेने दुर्बल जंतू उग्र होऊन परतू शकतो. गोठा असो वा कुक्कुटपालनाची शेड, जनावरांची दाटी जितकी जास्त, तितकी एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाण्याची संधी जंतूला अधिक. पाश्चर यांनी पिलामागून पिलू टोचून जे प्रयोगशाळेत घडवले, ते आपल्या निष्काळजीपणामुळे गोठ्यात घडू नये, एवढी दक्षता घेणे आपल्या हाती आहे.